स्वतःच्या अंत्यविधीचं आधीच लिहून ठेवायचंय, पण घरात विषयच काढू देत नाहीत

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मला काही झालेलं नाहीये, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, तेव्हा "काळजी घ्या ताई" छाप प्रतिसाद नकोत. वय ६३. चार वर्षांपूर्वी मिस्टर अचानक गेले, रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. ते गेल्याचं दुःख वेगळं, पण त्यानंतरच्या चारपाच तासांत लोकांनी जे प्रश्न विचारले ते अजून डोक्यातून जात नाहीत. डोळे द्यायचेत का, देहदान वगैरे काही बोलले होते का, कोणासाठी थांबायचं, किती वाजेपर्यंत थांबायचं, अंगावर कुठले कपडे. इतकी वर्षं संसार केला आणि मला एकाचंही उत्तर धड देता येईना. शेवटी दीर म्हणाले तसं झालं सगळं. आणि दोन महिन्यांनी त्यांचं पाकीट आवरताना लायसन्सच्या मागे नेत्रदानाचं कार्ड सापडलं. कोपरे झिजलेले, म्हणजे किती वर्षं खिशात घेऊन फिरत होते कोण जाणे, मला एका शब्दाने बोलले नाहीत.
तर माझं मी लिहून ठेवणार हे ठरलंय. मोठा मुलगा विषय काढला की "आई काय हे अभद्र" म्हणून उठून जातो. कोणी केलंय का असं? नक्की काय लिहायचं, कुठे ठेवायचं, कायद्याने त्या कागदाला काही किंमत असते का? आणि पैसे आधी भरून ठेवायची सोय असते म्हणतात ते करावं का?

अडगळीतला कंदील
ताई, पहिली गोष्ट म्हणजे मृत्युपत्रात लिहू नका. म्हणजे लिहा हवं तर, पण फक्त तिथेच लिहू नका. आमच्या काकांनी सगळं छान टाईप करून मृत्युपत्रात घातलं आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये. लॉकर उघडेपर्यंत महिना गेला, तोवर सगळं आटोपलं होतं, आणि मग काकूने वाचलं की त्यांना कोणतेही विधी नको होते. आम्ही सगळे केले होते, अगदी साग्रसंगीत. काकू अजून म्हणते, ते वाचलंच नसतं तर बरं झालं असतं.
कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी वेगळं आहे पण बऱ्याच ठिकाणी तुमची इच्छा ही फक्त इच्छाच असते. इंग्लंडमधली एक जुनी केस आहे, १८८२ सालची, विल्यम्स विरुद्ध विल्यम्स. हेन्री क्रुकेंडन नावाच्या गृहस्थांनी लिहून ठेवलं होतं की माझा देह अमुक मैत्रिणीच्या ताब्यात द्या, ती दहन करेल, आणि तिचा खर्च माझ्या इस्टेटीतून द्या. घरच्यांनी सरळ पुरलं. ही बाई एवढी खमकी की तिने नंतर देह उकरून काढायची परवानगी मिळवली (खरं कारण न सांगता!), इटलीत नेऊन दहन केलं आणि मग खर्च मागायला कोर्टात गेली. हरली. कोर्ट म्हणालं मृतदेह ही कोणाची मालमत्ता नाही, त्यामुळे तो मृत्युपत्राने कोणाला देताच येत नाही. तेव्हा कागदापेक्षा कागद अमलात आणणारं माणूस कोण आहे ते आधी बघा. ते माणूस मुलगाच असायला हवं असं कुठे आहे.

वॉर्ड नंबर सात
मी बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये काढलीयेत म्हणून लिहिते. गुलबक्षीताई, तुमच्या मिस्टरांचं वाचून वाईट वाटलं, हे फार वेळा होतं. कार्ड म्हणजे नुसती इच्छा, मेल्यानंतर फोन करायला जिवंत माणूसच लागतं. डोळे साधारण सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, लवकर तेवढं चांगलं. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर थोडं वर ठेवायचं. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून डोळे चालत नाहीत हा गैरसमज आहे. आणि पूर्ण डोळा बसवत नाहीत हो कोणाला, पुढचा पारदर्शक पडदा वापरतात.
देहदान लिहिणार असाल तर खाली दुसरा पर्यायही लिहाच. मेडिकल कॉलेज प्रत्येक देह घेईलच असं नाही. पोस्टमार्टेम झालं असेल, काही संसर्गाचे आजार असतील, अवयव काढले असतील (डोळ्यांचं सहसा चालतं), तर नाही म्हणतात. मग घरचे गाडी दारात उभी करून एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, कारण "आईला तर देहदानच हवं होतं" यापुढचं कोणालाच माहीत नसतं.
अजून एक, कोणी लिहीत नाही ते. पेसमेकर असेल तर ठळक लिहून ठेवा. दहनाआधी काढावा लागतो, आत बॅटरी असते, उष्णतेने फुटते.

कोरडा विनोद
मी तर जेरेमी बेंथमचा पंखा आहे. १८३२ साली गेला हा तत्त्ववेत्ता, पण त्याआधी पूर्ण प्लॅन लिहून ठेवला होता. मित्राने म्हणजे डॉक्टरनेच शरीरविच्छेदन करायचं, मग सांगाड्यावर माझेच कपडे चढवून मला माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसवायचं. आणि केलं त्यांनी! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अजून बसलाय. फक्त डोकं टिकवायचा प्रयोग फसला आणि चेहरा भयानक दिसायला लागला म्हणून मेणाचं बसवलं. तात्पर्य, कितीही प्लॅनिंग करा, ऐनवेळी डोक्याचा घोळ होणारच.

पायरी
विनोद बाजूला ठेवून थोडं उलट बोलते, रागावू नका. माझ्या मावशीने चार पानं लिहून ठेवली होती. कुठली गाणी, कोण काय बोलणार, कोणी रडायचं नाही, पांढरे कपडे घालून यायचं नाही, अमुक नातेवाईकांना कळवायचं नाही. आम्ही तिची अकरा भाचरं ती पानं पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि अर्ध्याहून जास्त गोष्टी जमल्या नाहीत, स्पीकर चालला नाही, ज्याने बोलायचं तो परदेशात, आणि रडू नका म्हणे! ती गेल्याचं बाजूलाच राहिलं, आपण तिचं ऐकलं नाही याचीच बोच जास्त लागली. आणि ज्यांना कळवायचं नव्हतं ते कळून आलेच, त्यांना दारातून परत कोण पाठवणार.
त्यामानाने दक्षिण आफ्रिकेतले आर्चबिशप डेस्मंड टुटू, त्यांचं बघा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये गेले. डामडौल नको, मिळेल ती सगळ्यात स्वस्त शवपेटी आणा, फुलं म्हणजे घरच्यांकडून एक गुच्छ बास. आणि ज्वाळेत दहन न करता पाण्यातलं, म्हणजे अल्कली घातलेल्या गरम पाण्यात देह विरघळवतात तसलं. एवढा मोठा माणूस आणि एका दमात सांगून होईल एवढंच मागणं.
म्हणून ताई, एक पानाच्या वर जाऊ नका. आणि "हे करायलाच हवं" कुठलं आणि "जमलं तर" कुठलं ते वेगळं लिहा. बाकीचं मागे राहिलेल्यांवर सोडा, त्यांनाही काहीतरी करायला हवं असतं हो त्या दिवशी.

अडगळीतला कंदील
पायरी, एक पान पटलं. पैशाचं राहिलं होतं. आगाऊ भरायच्या योजना काही देशांत बऱ्याच चालतात, पण भरण्याआधी विचारायचं की संस्था बंद पडली तर पैसे कुठे सुरक्षित आहेत, मी दुसऱ्या गावी राहायला गेले तर काय, आणि तेव्हाचा वाढलेला खर्च कोण देणार. तोंडी नको, लेखी. नाहीतर सोपं म्हणजे एखाद्या विश्वासातल्या माणसाबरोबर जॉइंट खातं, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं. नुसत्या तुमच्या नावावरच्या खात्यातले पैसे त्या दिवशी काही उपयोगाचे नाहीत, बँकेला कळलं की खातं थांबतं आणि मग कागदपत्रं. आणि फोनचा पासवर्ड कोणालातरी ठाऊक असू दे, कोणाकोणाला कळवायचं ते सगळे नंबर आजकाल त्यातच असतात.

गुलबक्षी
सगळ्यांचे मनापासून आभार, आठवडाभर लिहायला जमलं नाही. वॉर्ड नंबर सात, ओल्या कापसाचं आणि पंख्याचं वाचून थोडं रडले, चार वर्षांपूर्वी आमच्याकडे पंखा चालूच होता.
तर झालं असं की मुलाचा नाद सोडला आणि धाकट्या सुनेला सांगितलं. दोघी धुतलेले कपडे घड्या करत होतो, तेव्हाच म्हटलं अगं एक ऐकशील का. ती घड्या घालता घालता ऐकत राहिली आणि म्हणाली, "आई, मला वाटलं होतं तुम्ही दागिन्यांचं काढताय." हाहा. मग तिनेच वही आणली. डोळे, मग देहदान, नाही जमलं तर विद्युतदाहिनी. सहा तास हा आकडा तिने लाल पेनाने गोल केला. मुलगी येईपर्यंत थांबायचं नाही, हे मात्र मुलीला मी स्वतः फोन करून सांगणार आहे, ते कागदावर नको. कागद फ्रिजवर लावायला ती तयार नाही त्यामुळे औषधांच्या डब्यात वरच ठेवलाय, तो डबा घरात सगळ्यांना माहितीये.
अडलंय ते फोटोवर. मला माझा तो तिशीतला केस मोकळे असलेला हवाय, ती म्हणते आई लोक ओळखणार नाहीत. मग तिच्या फोनमध्ये शोधत बसलो तर सहा वर्षांत माझा एकटीचा एक फोटो नाही, सगळीकडे नातवंडांच्या मागे अर्धी कापलेली. रविवारी काढणार आहे म्हणाली. साडी कुठली नेसू ते सुचवा आता.