चाळिशीनंतरचा बॉक्सर आणि डोंगरावरचा कॅम्प, खरंच उपयोग होतो का?

पंचवटीचा_पंच
नमस्कार मंडळी. आमच्या जिमचे सर 42 चे आहेत, कॉलेजात असताना बऱ्यापैकी खेळलेले, आता जानेवारीत एका क्लबने मास्टर्स बाऊट (मोठ्या वयाच्यांची लढत) ठेवलीये त्यात उतरतायत, दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड. तर सरांनी यूट्यूबवर गोलोव्किन या बॉक्सरचे बिग बेअरचे (कॅलिफोर्नियातलं डोंगरावरचं गाव, तिथे बॉक्सर कॅम्प लावतात) जुने व्हिडिओ बघितले आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय, मनालीला जायचं, दहा-बारा दिवस राहायचं, तिथे पळायचं, आणि मग खाली आल्यावर बघ म्हणे दम कसा टिकतो. माझं आपलं मत असं की सरांचा प्रॉब्लेम दमाचा नाहीच, समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) त्यांना येताना दिसतो पण डोकं वेळेत बाजूला जात नाही, पण हे त्यांना सांगणार कोण, मी तर नाही. वय झालेल्या बॉक्सरला उंचीवरच्या ट्रेनिंगचा नक्की काय फायदा होतो? आणि मनालीऐवजी महाबळेश्वर चालेल का, निम्म्या खर्चात होईल.

राजू_रिंगसाइड
महाबळेश्वर स्ट्रॉबेरीसाठी चालेल. 😄 ते साधारण 1,350 मीटर, आपलं कळसूबाईचं टोक गाठलं तरी 1,646, आणि रक्तात फरक पडायला 2,000 ते 2,500 मीटरवर तीन-चार आठवडे मुक्काम लागतो असं धरतात. म्हणजे महाराष्ट्रात ही सोयच नाही. मनाली आणि बिग बेअर मात्र जवळपास एकाच उंचीवर आहेत, दोन्ही 2,000 च्या थोडं वर, त्यामुळे सरांनी जागा बरोबर हेरलीये एवढं मान्य करावं लागेल.

आता मुद्द्याचं. बिग बेअरला गेलेल्या म्हाताऱ्या बॉक्सरांचे निकाल बघ म्हणजे तुझं उत्तर तुलाच मिळेल. शेन मोस्लेचं तर तिथे घरच होतं. जानेवारी 2009 मध्ये 37 व्या वर्षी त्याने मार्गारिटोला नवव्या राउंडमध्ये संपवलं, सगळे म्हणाले वा, पोरगा अजून तरुण आहे. मे 2010 ला तोच मोस्ले 38 चा, समोर मेवेदर, दुसऱ्या राउंडमध्ये असा काही उजवा बसवला की मेवेदरचे गुडघे वाकले, मला वाटलं आज इतिहास घडतोय, आणि नंतरचे दहा राउंड मोस्ले नुसता बघत राहिला, हात निघेचना. ती फाइट परत लावून बघ, तो धापा टाकत उभा आहे असं नाही दिसत, तर पंच मारायची वेळ येते आणि निघून जाते आणि तो तिथेच. ती वेळ पकडणं कुठल्याच डोंगरावर मिळत नाही.

दे ला होयाची गोष्ट तर अजून वाईट. 35 वय, डिसेंबर 2008, पॅकियाओशी लढायला वेल्टरवेटला म्हणजे 147 पौंडांवर उतरायचं होतं, जिथे तो कित्येक वर्षांत लढला नव्हता. कॅम्प बिग बेअरला. काट्यावर आला 145, लिमिटच्याही खाली! रिंगमध्ये नुसती सावली, आठव्या राउंडनंतर स्टुलावरून उठलाच नाही आणि करिअर तिथेच संपलं. उंचीवर भूक मरते, पाणी जास्त उडतं, झोप तुटते, आणि त्यात पस्तिशीनंतर वजन उतरवणं. सगळा दोष डोंगराचा असं मी म्हणणार नाही, पण त्या वयात त्या वजनासाठी तिथे जाणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

उलट बाजूने बघ. बर्नार्ड हॉपकिन्स 46 व्या वर्षी 2011 ला पास्कालला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला, 48 व्या वर्षी परत एकदा, आणि त्याची ओळख डोंगरासाठी नाही, खाण्यापिण्याची शिस्त आणि समोरच्याचं डोकं फिरवण्यासाठी. फोरमन 45 व्या वर्षी 1994 ला मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवून हेवीवेट चॅम्पियन, कारण पंचातली ताकद सगळ्यात शेवटी जाते म्हणतात ते खोटं नाही. पॅकियाओने 2009 ला कोटोसाठी फिलिपिन्समधल्या बाग्विओच्या डोंगरात कॅम्प लावला तेव्हा तो 30 चा होता, आणि 2019 ला थर्मनला हरवला तेव्हा 40 चा, तो कॅम्प जनरल सँटोस आणि लॉस एंजेलिसला, म्हणजे सपाटीवरच.

फिजिओ_कोथरूड
राजूभाऊंनी निकाल सांगितले, मी शरीराचं सांगते.

उंचीवर हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, दाब कमी होतो म्हणून रक्तात कमी चढतो. मग किडनी ईपीओ हार्मोन वाढवते, त्यातून लाल पेशी वाढतात. वेग साधारण असा, की उंचीवरच्या दर 100 तासांना एकूण हिमोग्लोबिन 1 टक्क्याच्या आसपास वाढतं. दहा दिवस म्हणजे 240 तास, म्हणजे दोन-अडीच टक्के, तेही लोह पुरेसं असेल तर. आणि गंमत बघा, चार दिवसांनी रिपोर्ट काढला तर हिमोग्लोबिन छान वाढलेलं दिसतं, पण ती नवीन पेशींची वाढ नसते, रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. लोक हाच रिपोर्ट ग्रुपवर टाकतात.

वयाचं म्हणाल तर जास्तीत जास्त हार्टरेट वयाबरोबर खाली येतो, 208 वजा वयाच्या 0.7 पट हे सरासरीचं सूत्र. 22 च्या पोराचा 193 धरला तर सरांचा 179. रक्त कितीही घट्ट झालं तरी हा आकडा परत वर जात नाही, उलट उंचीवर असताना तो अजून थोडा दबतो. त्यामुळे तिथे पॅडवर काम केलं तरी पंचांचा वेग आणि संख्या दोन्ही पडतात, आणि चाळिशीत झपकन आकुंचन पावणारे स्नायू आधीच कमी होत असतात, त्यांना तर हळू मारायची सवय लावू नये. टाकी मोठी केली म्हणून गाडीचा पिकअप वाढत नाही. म्हणूनच 90 च्या दशकात लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी राहायचं वर आणि जोरदार सराव खाली ही पद्धत मांडली, पण ते प्रयोग धावपटूंवर, आणि मनालीला राहून रोज खाली कुठे जाणार?

अजून एक गोष्ट, ही प्लीज सरांना नक्की सांगा. पहिल्या आठवड्यात वर स्पारिंग (सरावाची लढत) अजिबात नको. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही हवा विरळ असल्याची लक्षणं आणि डोक्याला मार बसल्याचीही हीच. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं तर ते डोंगरामुळे की दुपारी बाजूने बसलेल्या पंचामुळे (हुक) हे तिथे कोण ठरवणार? चाळिशीनंतर आधी बीपी, ईसीजी आणि फेरीटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्यावं.

खेकडा_मसाला
एवढं कशाला, माझ्याकडे तो काळा मास्क पडलाय ट्रेनिंगचा, घेऊन जा. मनाली तोंडावर. 😂

फिजिओ_कोथरूड
@खेकडा_मसाला त्याने हवेचा दाब कमी होत नाही हो, फक्त श्वास ओढायला त्रास होतो. भीती घालायला चांगला आहे मात्र.

सुभेदार_नाना
मी फौजेत होतो, लेहला पोस्टिंग झालंय, 3,500 मीटर. पोहोचल्यावर पहिले दिवस नुसता आराम, मग थोडं चालणं, मग हळूहळू बाकीचं, आणि हे विशीतल्या पोरांनाही सक्तीचं. तुमचे सर उतरल्या दिवशी पळायला निघतील हे मला इथूनच दिसतंय, त्यांना आवरा.

एका बाबतीत मात्र वरच्या दोघांशी माझं जमत नाही. कॅम्पचा अर्धा फायदा उंचीचा नसतोच, लांब जाण्याचा असतो. मेक्सिकन पोरं तोलुकाजवळ ओतोमी सेंटरला 3,000 मीटरच्या वर जाऊन राहतात, एरिक मोरालेससारखे तिथेच तयार झाले, तिथे थंडी, शांतता आणि सराव, बाकी करायला काही नाही. इथे नाशकात सरांना रोज कोणाचं तरी लग्न, बारसं, रात्री अकराला मित्राचा फोन. चाळिशीतल्या माणसाला सराव कमी पडत नाही, झोप कमी पडते. त्यामुळे जाऊ देत की, फक्त डोंगराकडून भलती अपेक्षा नको.

आणि हो, मनाली-लेहला जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून लोक सर्रास डायमॉक्स घेतात, ती गोळी वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) बंदी यादीत आहे, लघवी वाढवणाऱ्या औषधांत. क्लबच्या बाऊटला कोणी टेस्ट करणार नाही, पण उद्या हीच सवय ज्युनिअर पोरांना लागते, म्हणून लिहिलं.

राजू_रिंगसाइड
नाना, लांब जाण्याचं पटलं. गोलोव्किनही 35-36 ला कॅनेलोशी दोन्ही वेळा पूर्ण बारा राउंड टिकला त्यात त्या एकांताचा वाटा असणारच. पण तो बारा राउंडांसाठी होता हो, इथे एकूण सहा मिनिटं लढायचंय! सहा मिनिटांसाठी मनाली म्हणजे अति होतंय. त्यापेक्षा कोणीतरी रोज सरांवर हलके जॅब टाका आणि त्यांना फक्त डोकं हलवू द्या, पंच मारायचाच नाही.

पंचवटीचा_पंच
सगळ्यांचे आभार. सरांना पूर्ण वाचून दाखवलं, मोस्लेपाशी जरा गप्प झाले. मनाली रद्द नाही, पण आता बाऊटनंतर फॅमिलीला घेऊन जाणार म्हणे. जॅबवाला सराव कालपासून सुरू केला, टाकतोय मीच, आणि पहिल्याच दिवशी चुकून एक नाकावर बसला तर मला शिक्षा म्हणून वीस बर्पी माराव्या लागल्या. फेरीटिन पण करून घेतलं, 18 आलंय, लॅबच्या कागदावर नॉर्मल छापलंय. @फिजिओ_कोथरूड हे ठीक आहे का?

फिजिओ_कोथरूड
कागदावर नॉर्मल असलं तरी पुरुषाला, त्यात व्यायाम करणाऱ्याला, 18 कमीच आहे. राउंडमध्ये दम जातोय त्याचं एक कारण हेही असू शकतं. पण स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा, 42 वर्षांच्या पुरुषात लोह का कमी झालं हेही शोधावं लागतं, पोटातून कुठे रक्त जातंय का वगैरे. हे या आठवड्यातच करा.