गाडीने कोल्हापूर: एका दिवसात होईल का?

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार मंडळी,

इथे परदेशात आपल्या मंडळाच्या गणपतीत मी प्रसादाच्या टेबलावर होते, तेवढीच माझी ओळख बहुतेकांना असेल. डिसेंबरमध्ये आम्ही दोघं पुण्याला सासरी जातोय. लग्नानंतर जोडीने अंबाबाईला जायचं राहूनच गेलंय. दिरांची गाडी मिळणार आहे. ह्यांचा बेत असा: पहाटे निघायचं, दर्शन, मिसळ, चपला, आणि रात्री जेवायला परत पुण्यात. सासूबाई म्हणतात, एवढं जाऊन नुसतं शिवून येणार का? अलीकडे कोणी गाडीने गेलं असेल तर रस्ता कसा आहे आणि राहायचं झालं तर काय काय बघावं, कळवाल का?

प्रेषक: ग्रंथालयवाल्या काकू

सासूबाईंचं ऐक. एका दिवसात जमतं, पण तसं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी कोल्हापुरातूनच लिहितेय. दिवाळी आटोपून आम्ही दोघं पुण्याहून गाडीने इथे आलो आणि अजून पाय निघत नाही.

आधी रस्त्याचं सांगते. अंतर साधारण २३० किलोमीटर. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोलनाके लागतात, तेव्हा दिरांच्या फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना ते बघून निघा. साताऱ्याच्या पुढे सहापदरीकरणाची कामं चालू आहेत. मध्येच सर्व्हिस रोडला उतरवतात, मध्येच परत वर घेतात. त्यात डिसेंबर म्हणजे गळिताचा हंगाम. कऱ्हाडच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या रांगेने चालतात, आणि कित्येकींना मागे दिवा नसतो. त्यामुळे अंधारात परतीचा प्रवास करू नका. रात्री जेवायला पुण्यात हा बेत एवढ्या एका कारणावरून रद्द करायला हरकत नाही. आणि गाडी तुम्ही दोघं चालवणार असाल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट तिकडूनच काढून आणा, इथे आल्यावर मिळत नाही.

उतरायला जागा देवळाच्या जवळच घ्या आणि गाडी तिथेच लावून टाका. जुन्या शहरात गाडीचा उपयोग नाही, उलट जाच आहे.

देवळात लोक रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात आणि बाहेर पडतात. तसं करू नकोस. दर्शनानंतर देवळाला बाहेरून एक सावकाश फेरी मार. काळ्या दगडाच्या त्या भिंती सरळ नाहीत, त्यांना कोन आहेत, आणि प्रत्येक कोनात एकेक मूर्ती. सकाळचं तिरपं ऊन पडलं की त्यांच्या अंगावरचे दागिनेसुद्धा मोजता येतात. गाभाऱ्यातली अंबाबाईची मूर्ती मधल्या धामधुमीच्या काळात लपवून ठेवली होती आणि १७१५ मध्ये पुन्हा देवळात बसवली, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

देवीचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणून वर्षातून दोनदा, नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला, मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडप ओलांडून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम. वाटेत ढग आले किंवा हवेत बाष्प जास्त असलं तर किरणं मध्येच विरतात. आम्ही उभे होतो त्या संध्याकाळी उजेड कमरेपर्यंत चढला आणि गेला. गाभाऱ्यातले दिवे मालवलेले, शेकडो माणसं श्वास धरून उभी, आणि तो पिवळा पट्टा बोटभर बोटभर वर सरकतोय. माझे डोळे भरून आले. डिसेंबरात तुम्हाला हे मिळणार नाही. रजा जानेवारीअखेरपर्यंत ताणता येत असेल तर जरूर ताणा.

देवळातून निघाल्यावर पायीच हिंडा. भवानी मंडप, बिनखांबी गणपती, चप्पल लाइन, गुजरी, सगळं हाकेच्या अंतरावर. चप्पल घेताना तळ उलटा करून बघ. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवण घातलेली असते, आणि कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं. हाताला कडक लागली तरी घे, पायात चार दिवस राहिली की नरम पडते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हींकडच्या कारागिरांना मिळून. चप्पल करणाऱ्यांशी दोन शब्द बोल. त्यांना आवडतं, आणि आपण पैसे कशाचे देतोय ते आपल्यालाही कळतं.

रात्री मात्र गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायचंच. शहराच्या मध्यभागी रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात. गवळी तुमच्यासमोर कास धुतो, पान्हा सुटेपर्यंत थांबतो आणि धार थेट पेल्यात काढतो. पेला हातात येतो तेव्हा कोमट असतो आणि वर चार बोटं फेस. ह्यांनी दोन पेले घेतले. लहान पोरं, तालमीतून आलेले पैलवान, दुकान बंद करून घरी निघालेले व्यापारी, सगळे एका ओळीत उभे राहून पितात. आपण तिकडे ऑरगॅनिक म्हणून जे शोधत फिरतो ते इथे रोजचं आहे.

नवीन राजवाडा बघा, पण घाईत चालेल. १८७७ ते १८८४ मधलं मेजर मँटचं काम. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, तिथे थोडं थांबा. त्यापेक्षा जास्त वेळ टाउन हॉल म्युझियमला द्या. तिथे फारशी गर्दी नसते. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली एक वीतभर काशाची मूर्ती आहे, रोमन घडणीची, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. समुद्र कुठे, पंचगंगेचा काठ कुठे! दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता, ते त्या एका मूर्तीकडे बघून समजतं.

प्रेषक: कसबा बावड्याचे काका

काकूंनी छान लिहिलंय, पण शाहू महाराजांचं नाव एकदाही आलं नाही. ते मी लिहितो, कारण त्यांच्याशिवाय कोल्हापूर म्हणजे नुसती देवळं आणि रस्से.

बाळ, दसरा चौकात जा. मधोमध महाराजांचा पुतळा आहे आणि आजूबाजूला बोर्डिंगं. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अशी जातीजातींच्या पोरांची राहायची सोय महाराजांनी १९०१ पासून करून दिली. खेड्यातलं पोर शहरात आलं तर झोपणार कुठे, जेवणार कुठे, हा प्रश्न आधी सुटला तरच शाळा, हे त्यांना कळलं होतं. माझे आजोबा त्यातल्याच एका बोर्डिंगात शिकले. ते शिकले नसते तर मी आज समुद्रापलीकडे बसून तुम्हाला हे लिहिलं नसतं. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. बाकीच्या देशात बहुतेक ठिकाणी जे झालं नव्हतं ते इथे गॅझेटात छापून आलं होतं.

भाऊसिंगजी रोडवरून जाताना गंगाराम कांबळेंची आठवण काढा. अस्पृश्य म्हणून मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी चहाचं हॉटेल घालून दिलं आणि स्वतःची गाडी तिथे थांबवून, सगळ्यांच्या देखत, त्याच्या हातचा चहा प्यायले. बरोबरच्या सरदारांनाही प्यायला लावला. कायदा एकीकडे आणि हे एकीकडे. मला हे जास्त मोठं वाटतं.

जन्मस्थळ आमच्या कसबा बावड्यात आहे, लक्ष्मी विलास पॅलेस. महाराज तिथे २६ जून १८७४ ला जन्मले. आता तिथे संग्रहालय केलंय, अर्धा दिवस काढा.

आणखी एक जागा, जिच्याबद्दल लिहिताना मला त्रास होतो. केशवराव भोसले नाट्यगृह. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, १९१५ मध्ये सुरू झालेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत खाक झालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या रात्री गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती, माझी बहीण त्यात होती, फोनवर तिला बोलता येईना. पुन्हा उभारणीचं काम सुरू झालंय. तिथे जाऊन उभे राहा. लागूनच खासबाग मैदान आहे, १९१२ चं. महाराजांनी युरोपात रोमचा आखाडा बघितला आणि तसं गोल मैदान कुस्तीसाठी बांधलं. मध्ये हौद, भोवती उतरत्या कडा, म्हणून शेवटच्या माणसालाही पकड दिसते.

प्रेषक: नवीन सभासदाचे यजमान

काका, काकू, मनापासून आभार. एका दिवसाचा बेत रद्द, घरात तसं जाहीर केलंय. मला तालीम बघायची फार इच्छा आहे, माझे वडील पैलवानकी करायचे. बाहेरच्या माणसाला आत येऊ देतात का? आणि पन्हाळा की खिद्रापूर, दोन्हीं​तलं एकच जमणार असेल तर काय निवडावं?

प्रेषक: कसबा बावड्याचे काका

देतात की. वडील पैलवान होते म्हणून सांग, मग बघ कसे बसवून घेतात. पहाटे नाहीतर दुपारनंतर मेहनत चालते. चपला बाहेर काढायच्या, वस्तादांना नमस्कार करायचा, हौदाच्या मातीला बूट लावायचा नाही. त्या लाल मातीत हळद, ताक, लिंबू, तेल मिसळलेलं असतं. मूठभर उचलून वास घे, वडील आठवतील. फोटो विचारून.

प्रेषक: ग्रंथालयवाल्या काकू

काका, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आज सकाळी आम्ही दसरा चौकात जाऊन आलो.

पन्हाळा की खिद्रापूर? खिद्रापूर. पन्हाळ्याचं महत्त्व कमी नाही. २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, १६६० च्या वेढ्यातून शिवाजी महाराज राजदिंडीने निसटले ती जागा तिथेच आहे, आणि तीन दरवाजा आहे, आणि अंबरखाना बघितल्यावर किल्ल्यावर किती धान्य साठत असेल याचा अंदाज येतो. पण तो शहरापासून २० किलोमीटरवर आहे, पुढच्या वेळी कोणाच्याही बरोबर होईल. खिद्रापूरला मुद्दाम वाट वाकडी करून कोणी नेत नाही. ते राहून जातं.

कृष्णेच्या काठावर आडबाजूला गाव आहे, तिथे बाराव्या शतकातलं शिलाहारांचं कोपेश्वराचं देऊळ. पुढचा स्वर्गमंडप गोल आहे आणि छताला मधोमध मोठी गोल मोकळी जागा. खाली तेवढ्याच आकाराची एकसंध शिळा. त्या शिळेच्या कडेला उभं राहून वर बघायचं. खांबांची गोल रांग आणि मध्ये फक्त आकाश. खांब असे घासून गुळगुळीत केलेत की जवळ गेलं की आपला चेहरा दिसतो. बाहेर पायाला सगळीकडून हत्तींनी देऊळ पेललंय, प्रत्येक हत्तीवर वेगळी देवता. कित्येकांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. या देवळात शंकरापुढे नंदी नाही. ती गोष्ट गावातल्या एखाद्या आजोबांकडून ऐका, फार रंगवून सांगतात.

सकाळी लवकर निघा. जाताना हातकणंगले तालुक्यातलं माणगाव करता येईल, मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले ते हेच गाव. काकांना बरं वाटेल. तिथून नृसिंहवाडी. पंचगंगा आणि कृष्णेचा संगम, दत्ताचं दर्शन, आणि घाटाच्या पायऱ्या चढून आल्यावर बासुंदी. सासूबाईंसाठी कवठाची बर्फी घ्या, टिकते. मग खिद्रापूर, म्हणजे दुपार कलताना पोचाल. पश्चिमेचा उजेड मंडपात येतो तेव्हा कोरीव काम सर्वांत छान दिसतं.

शहराकडे परतताना कुठेतरी गुऱ्हाळ चालू दिसेलच, वास आधी येतो. गाडी थांबवा. चुलवाणात चिपाडं ढकलत असतात, काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी मोठ्या झाऱ्याने काढून टाकतात. रस तांबूस व्हायला लागला की गुळव्या थेंबभर पाण्यात टाकून बोटांत चिमटून बघतो. त्याने हात वर केला की चारपाच माणसं धावतात, कारण क्षणभर उशीर झाला तर ढेप बिघडते. गरम काकवी वाटीत मागा, देतात. आमच्याकडून पैसे घेतले नाहीत, आम्ही मग गूळ विकत घेतला.

जेवणाचं मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण तांबडा-पांढरा कुठे चांगला यावर इथल्या दोन माणसांचं एकमत होत नाही. ज्याच्या घरी उतराल किंवा ज्याच्याशी ओळख होईल त्याला विचारा आणि तो नेईल तिथे जा. मिसळ सकाळीच. दुपारी संपते.

निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत शहर सोडा, म्हणजे दिवसाउजेडी पुण्यात. काही अडलं तर इथेच लिहा, आम्ही रविवारपर्यंत इथेच आहोत.