पणजी आणि जुनं गोवें एका दिवसात: क्रम कसा लावावा, कुठे काय खावं?

वाटसरू७
डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळंगुटला मुक्काम आहे. त्यातला एक अख्खा दिवस पणजी आणि जुन्या गोव्यासाठी ठेवलाय. बरोबर आईबाबा, दोघेही सत्तरीपुढचे. आईचे गुडघे दुखतात. बाबांना अंडंही चालत नाही, बाकी आम्ही सगळं खातो. फोंतेन्हास ही पणजीतली जुनी वस्ती, पायऱ्यांचं पांढरं चर्च, जुन्या गोव्यातली बॅसिलिका एवढं बघायचंय आणि मधेमधे चरायचंय. रविवार की सोमवार? गाडी भाड्याने घ्यावी का?

रायबंदरकर
आधी तारीख बघा. 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं, त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना. 3 तारखेला तिकडे फिरकू नका; वाहनं लांब अडवतात आणि म्हाताऱ्या माणसांना तेवढं चालणं झेपणार नाही. 8 तारखेला पणजीच्या चर्चचं फेस्त, पण त्या गर्दीत मजा असते.

रविवार टाळा. पणजीतली बरीच जुनी हॉटेलं त्या दिवशी बंद, आणि बॅसिलिकेत सकाळी मिसा चालू असते. सोमवारी काही वस्तुसंग्रहालयं बंद असतात, पण ती तुमच्या यादीत नाहीत, तेव्हा सोमवार ठीक.

गाडी घेऊ नका. पणजीत पार्किंग शोधण्यात सकाळ जाते आणि फोंतेन्हासच्या गल्ल्यांत चारचाकी अडकली की मागे घेणं मुश्कील. कांदोळी-नेरूलमार्गे पणजीला जाणारी बस घ्या, बेतीला उतरा आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडा. पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडे उतरलात की आदिलशाही राजवाडा चालत काही मिनिटांवर. परतताना संध्याकाळी त्याच धक्क्याच्या आसपास कॅसिनोवाल्यांची झुंबड असते, म्हणून येताना टॅक्सीच बरी. ओला-उबर इथे चालत नाहीत, ‘गोवा माइल्स’ अ‍ॅप फोनवर आधीच उतरवून ठेवा.

क्रम असा: आठला फेरी, मग न्याहारी. राजवाडा बाहेरूनच बघा. 1759 पासून व्हाइसरॉय इथे राहत, पुढे गोव्याची विधानसभाही इथेच भरत असे. शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, तो चुकवू नका. नऊच्या सुमारास चर्च. त्याच्या पायऱ्या नागमोडी आणि बऱ्याच आहेत. आईंना वर चढवण्यात अर्थ नाही, समोरच्या बागेच्या बाकावरून दर्शनी भाग उलट पूर्ण दिसतो. वरची घंटा सुमारे 2250 किलोची, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली. दुपारी त्या मठाचा पडका मनोरा बघाल तेव्हा आठवा.

साडेनऊ ते साडेअकरा फोंतेन्हास. रस्ता सपाट आहे, आईंना जमेल. आल्तिन्यो टेकडीकडे जाणाऱ्या पायऱ्या मात्र सोडा. उशीर केलात तर ऊन भिंतींवर सरळ येतं आणि फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. ही राहती घरं आहेत. कुणाच्या बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) बसून फोटो काढू नका, दारं-खिडक्यांना हात लावू नका. तिथले लोक आता वैतागलेले आहेत आणि त्यांचं बरोबर आहे. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलचं दार उघडं दिसलं तर आत जरूर जा: इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला क्रूस आहे, त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत.

खादाड_बार्देशी
खाण्याचं मी सांगतो.

न्याहारीला भाजी-पाव. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढा. इथे ‘पातळ भाजी’ म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली वाटाण्याची किंवा चण्याची, ‘सुकी भाजी’ म्हणजे बटाट्याची. दोन्ही हव्या तर ‘मिक्स’ म्हणा. सोबत बन्स घ्या, केळं घातलेले, किंचित गोड. पातळ भाजीशी जमतात. हे सगळं बाबांना चालेल. दहानंतर बन्स संपतात किंवा गार होऊन चिवट लागतात, म्हणून न्याहारी आधी.

पावात उंडो (गोल, कडक सालीचा) मागा, किंवा पोई: कोंड्याची, आतून पोकळ. सकाळी भाजलेली पोई संध्याकाळी कातड्यासारखी होते, बांधून नेऊ नका.

जेवण साडेबारालाच उरका. एक ते चार पणजी झोपते. बाबांसाठी ‘शिवराक’ (शाकाहारी) थाळी आहे का हे बसण्याआधी विचारा, कारण मासळीच्या थाळीतल्या किसमुरीत (खोबरं घातलेल्या कोशिंबिरीत) सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी असते आणि साध्या दिसणाऱ्या भाजीतही कधीकधी तीच सापडते.

संध्याकाळी सातच्या सुमाराला गाड्यांवर रस ऑम्लेट. ऑम्लेटवर शाकुतीचा (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याच्या रश्शाचा) गरम रस, वर कांदा, लिंबू, सोबत पाव. रस बहुधा कोंबडीचा असतो. पाव आधी बुडवून ठेवलात तर लगदा होतो, तोडून तोडून खायचा. चोरीस-पावही मिळतो; चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज. बाजारातली चोरिसांची माळ घरी न्यायची असेल तर लक्षात ठेवा, ते कच्चं असतं. कांद्याबरोबर मंद आचेवर शिजवायचं, तेल न घालता. त्याची स्वतःची चरबी पुरते.

पाटोची_पाकळी
आबे फारिया निघालाच आहे तर: हा कांदोळीत जन्मलेला (1756) पाद्री पॅरिसमध्ये संमोहनविद्येसाठी गाजला. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन देताना त्याची दातखीळ बसली, तेव्हा व्यासपीठाखालून बाप पुटपुटला, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ अशी आख्यायिका आहे. न्याहारीनंतर लगेच बघायला योग्य पुतळा.

जुन्या गोव्याची बस कदंबा स्टँडवरून मिळते, दहा किलोमीटर. चढताना ‘रायबंदरमार्गे?’ असं विचारा. काही बसेस बायपासने जातात आणि मग 1633-34 मध्ये बांधलेला लांबच लांब बांध हुकतो. डावीकडे बसा, मांडवी दिसते.

तीनला निघा. बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत, आईंना सोपं. उघडे खांदे आणि गुडघ्यांवरचे कपडे नकोत. बॅसिलिकेचा तांबडा जांभा बघून लोक ‘काय रंग आहे’ म्हणतात. मुळात तिला चुन्याचा गिलावा होता, 1950 च्या दशकात काढला, आणि तेव्हापासून पावसाचं पाणी दगडात मुरतंय. ‘से’चा एकच मनोरा दिसेल, दुसरा 1776 मध्ये कोसळला. ऑगस्टिनचा पडका मनोरा चढावर आहे. आईंना खाली बसवून बाकीच्यांनी जाऊन यावं.

वाटसरू७
सोमवार पक्का केला. बाबांना गोडाचा फार सोस आहे. बिनअंड्याचं काय मिळेल? बेबिंका?

खादाड_बार्देशी
बेबिंका नाही. त्यात अंड्याच्या पिवळ्या बलकाची भर असते, आणि बातिकातही अंडं घालतात. दोदोल घ्या: तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा गूळ. पेराद, म्हणजे पेरूची वडी, आणि चण्याच्या डाळीचं दोस हेही चालेल. तरी प्रत्येक ठिकाणी विचारा. 8 तारखेच्या आसपास चर्चसमोर फेस्ताचा बाजार भरला असेल तर खाजें मिळेल, गूळ-आलं-तीळ लावलेलं. ते आठवडाभर टिकतं.

तुमच्यासाठी बेबिंका घ्यायचीच तर वेष्टनावरचे घटक वाचा. तुपाऐवजी वनस्पती लिहिलं असेल तर ठेवून द्या, ती तोंडात चिकटते. थर एकेक करून वरून आच देऊन भाजावे लागतात, म्हणून चांगली बेबिंका स्वस्त मिळत नाही. खाताना पातळ कापा, किंचित गरम करा.