सात सेझन काम, दर मे महिन्यात राजीनामा लिहून घेतात. ग्रॅच्युइटी (नोकरी सुटल्यावर मालकाने द्यायचे पैसे) मिळते का?

तुयेकार
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, पण वाचा. मी गोव्यातला, पेडणे तालुक्यातला, बार्देसच्या किनारपट्टीवर एका हॉटेलात किचनला होतो. नाव टाकत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात कॉमी (शिकाऊ कुक) म्हणून लागलो, शेवटी तंदूर सेक्शन माझ्याकडेच होता. सिस्टीम अशी की सप्टेंबरला घ्यायचं, मेच्या शेवटी सगळ्यांना एचआरमध्ये बोलवायचं, एक छापील कागद पुढे करायचा, ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’, खाली सही. मग पाऊस संपत आला की फोन येतो, ये म्हणून. हॉटेल काही पावसात बंद नसतं हां, पुण्याबेळगावचे लोक वीकेंडला येतातच, फक्त थोडे जण ठेवतात. यंदा २०२५ च्या सप्टेंबरात फोन आला नाही म्हणून मीच गेलो तर म्हणाले जागा नाही. ग्रॅच्युइटीचं विचारलं तर पात्रांव (मालक) हसला, म्हणे तुझी सर्व्हिस दर वर्षी नवीन, पाच वर्षं कुठून झाली? वर पीएफ पगारातून कापलेला स्लिपवर दिसतो, पण पासबुकात गेल्या वर्षापासून एंट्रीच नाही. मला काही मिळू शकतं का, की सोडून द्यायचं?

म्हापसेकर_
सोडून दे भावा. पट्ट्यातल्या हॉटेलांचं सगळं सेटिंग असतं, इन्स्पेक्टर यायच्या आधीच रजिस्टर तयार. आणि केस टाकलीस की दुसरीकडे पण कोण घेणार नाही, सगळे एचआरवाले एकाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. बाहेरचे लोक कमी पगारात यायला तयार आहेत म्हणून हे माजलेत.

वेर्ण्याचा_कामगार
बाहेरच्यांना कशाला मधे आणतोस? झारखंड, ओडिशाची पोरं त्याच हॉटेलच्या क्वार्टरमध्ये झोपतात, नोकरी गेली की त्याच रात्री खोलीपण जाते, आपण निदान कदंबाची बस पकडून घरी तरी येतो. किमान वेतन त्यांनाही तेवढंच लागू, मालक देत नाही हा मालकाचा गुन्हा.

तुयेकारा, सोडून देऊ नको. आमच्याकडे कंत्राटदार दोन महिन्यांचा पगार न देता गायब झाला तेव्हापण लोक असंच म्हणत होते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचा. आम्ही पणजीत पाटोला श्रमशक्ती भवनात लेबर कमिशनरच्या ऑफिसात एकत्र अर्ज टाकला, कंपनीला बोलावणं गेलं आणि पगार सुटला. वेळ लागला, खेपा झाल्या, ते आहेच. पण एकट्याने जाण्यात आणि पाचसहा जणांनी जाण्यात फरक पडतो. तुझ्याबरोबर अजून कोणाकोणाला काढलं ते आधी बघ.

कोर्टाची_पायरी
वकील आहे, लेबरची कामं करतो. इथे लिहिलेलं सल्ला म्हणून धरू नका, कागद बघितल्याशिवाय खरं काही सांगता येत नाही, पण ढोबळ सांगतो.

पात्रांवाचं गणित तो समजतो तेवढं पक्कं नाही. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो, म्हणजे तुमचं हॉटेल आलंच. पाच वर्षांची अट आहे, पण त्यात ‘सलग सेवा’ म्हणजे काय तेही दिलंय. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ते वर्ष पूर्ण धरतात. सप्टेंबर ते मे म्हणजे नऊ महिने, २७० च्या आसपास दिवस. आणि आठवड्याची सुट्टी त्यातून वजा करायची नसते, पगारी सुट्ट्यापण नाही, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसच्या केसमध्ये सांगितलंय. ती केस औद्योगिक विवाद कायद्याखालची होती, पण २४० दिवसांची भाषा तीच आहे.

कोविडमुळे २०१९-२० आणि २०२०-२१ या दोन सेझनचे दिवस बहुतेक कमी भरतील. पण कामगाराची चूक नसताना काम बंद पडलं तर सेवा तुटत नाही, हे त्याच कायद्यात आहे. आणि ती दोन वर्षं बाजूला ठेवली तरी पाच उरतात.

खरी भानगड राजीनाम्याची. हॉटेल म्हणणार स्वखुशीने सोडलं, परत घेतलं ती नवी नोकरी. आपण म्हणणार की तीस माणसांना एकाच दिवशी, एकाच छापील मजकुरात, सेझन संपतानाच ‘वैयक्तिक कारण’ कसं काय येतं? आणि त्याच माणसांना सप्टेंबरात हॉटेल स्वतः फोन करून बोलावतं. औद्योगिक विवाद कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात अनुचित प्रथांची यादी आहे, त्यात हे जवळजवळ शब्दशः आहे: कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता म्हणून ठेवणं. जिंकशीलच असं म्हणत नाही. पण हसण्यासारखी केस नाही.

रक्कम अशी काढतात: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. समज १३,००० असेल तर वर्षाला ७,५००, सात वर्षांचे ५२,५००. सर्व्हिस चार्जमधून मिळायचं ते यात धरू नको.

तुयेकार
बेसिक १३ च्या आसपासच आहे. पण नवीन लेबर कोड आले ना, त्यात एक वर्षात ग्रॅच्युइटी मिळते असं रीलमध्ये बघितलं, मग हे २४० दिवसांचं कशाला?

एचआरवाली_ताई
रील बघून एचआर चालत नाही रे 😀 चारही कोड २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले हे खरं. पण एक वर्षाची ग्रॅच्युइटी आहे ती फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या नेमणुकीच्या लेटरवर मुदत लिहिलेली आहे त्यांना, आणि तीही त्या करारात वर्षभर काम केलं तर. तुझा सेझन नऊ महिन्यांचा. बाकीच्यांना पाच वर्षंच. शिवाय तुला सप्टेंबरात नाही म्हटलंय, तेव्हा जुने कायदे चालू होते, तुझी बाजू त्यावरच मांडायला लागेल.

मी दुसऱ्या बाजूला बसते म्हणून शिव्या पडतील, पण सांगते. पावसात खोल्या रिकाम्या असतात आणि सगळा स्टाफ ठेवणं परवडत नाही, हे खोटं नाही. पण त्याला सरळ रस्ता आहे, लेटरमध्ये मुदत स्पष्ट लिहा, प्रत्येकाला लेटर द्या (आता ते सगळ्यांना देणं बंधनकारकच आहे), मुदत संपली की हिशेब चुकता करा. वेज कोडप्रमाणे आता राजीनामा असो की काढून टाकलेलं असो, पगाराचा हिशेब दोन वर्किंग डेमध्ये द्यायचा असतो. हे न करता सह्या घेण्याचा धंदा करणारे एचआर आमचंपण नाव घालवतात. आणि पीएफचं तर काही बोलायलाच नको, माणसाच्या पगारातून कापून भरत नाहीत म्हणजे सरळ चोरी.

कोर्टाची_पायरी
ताईंनी बरोबर सांगितलं. पीएफ कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो, आणि हा मुद्दा सगळ्यात आधी हातात घे, कारण यात राजीनामा-बिजीनामा काही आड येत नाही. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात. पगाराच्या स्लिपा आणि पासबुकाची प्रिंट घेऊन पाटोलाच भविष्य निधी भवनात लेखी तक्रार दे, किंवा ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाक. ते चौकशी लावून थकलेली रक्कम व्याज आणि दंडासकट वसूल करू शकतात. पीएफची तक्रार गेली की मालक बाकीच्या विषयावरपण बोलायला येतो, हा माझा अनुभव.

ग्रॅच्युइटीसाठी आधी मालकाला फॉर्म ‘आय’ भरून पाठव, स्पीड पोस्टने, पोच ठेव. त्याने तीस दिवसांत दिली नाही किंवा नाही म्हटलं तर फॉर्म ‘एन’ लेबर खात्यातल्या कंट्रोलिंग ऑथॉरिटीकडे. त्याला नव्वद दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर कारण लिहायचं, योग्य कारण असेल तर घेतात.

नोकरी परत पाहिजे असेल तर तो वेगळा वाद. लेबर ऑफिसमध्ये कन्सिलिएशन (समेटाची बैठक) लागतं आणि तिथे वकील चालतच नाही, युनियनचा माणूस चालतो, त्यामुळे आयटकसारख्या युनियनकडे जाऊन बस. जुन्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत तिथे काही झालं नाही तर थेट लेबर कोर्टात जाता येतं. फीची काळजी करू नको, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज कर.

म्हापसेकर_
एवढं सगळं करायला पुरावा पाहिजे ना. लेटर तरी आहे का त्याच्याकडे?

तुयेकार
लेटर पहिल्या वर्षाचंच आहे. पगार बँकेत यायचा. ड्युटी रोस्टरचे फोटो ग्रुपवर टाकायचे ते पडलेत अजून, आणि दर वर्षी मेडिकल करायचे फूड हँडलरचं, त्यावर हॉटेलचं नाव आहे. राजीनाम्याची कॉपी कधी दिली नाही.

वेर्ण्याचा_कामगार
अरे मग बरंच आहे की. ग्रुपमधून तुला काढायच्या आधी सगळं एक्सपोर्ट करून ठेव, आजच. सप्टेंबरात बोलवायचे ते मेसेज असतील तर सोन्यासारखे, ते आधी शोध. बँक स्टेटमेंट २०१८ पासूनचं काढ, मे नंतर पगार थांबतो आणि परत त्याच खात्यातून सुरू होतो हे त्यात आपोआप दिसतं.

तुयेकार
एचआरमधून आताच फोन आला, बहुतेक कुणीतरी सांगितलं मी विचारपूस करतोय म्हणून. म्हणे येऊन पंधरा हजार घेऊन जा आणि फुल अँड फायनलवर सही कर. काय करू?

कोर्टाची_पायरी
एकटा जाऊ नको. पैसे बँकेत टाका म्हण, आणि कशाचे किती ते लेखी द्या म्हण. ‘यापुढे काही येणं नाही’ अशा कागदावर सही करायची नाही. आधी कधी केली असलीस तरी घाबरू नको, ग्रॅच्युइटीचा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही, कायदा कराराच्या वर आहे. आणि फोन कधी आला, कोण काय बोललं ते आत्ता लिहून ठेव. सोमवारी पीएफची तक्रार टाक, त्याआधी हॉटेलात पाय ठेवू नको.