मदत हवी आहे: परसात दाणे टिपायला येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो मनासारखे येत नाहीयेत

नमस्कार मंडळी,

घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे एक दाण्यांचा फीडर टांगलाय आणि बाजूला पाण्याचं पसरट भांडं ठेवलंय. पक्षी भरपूर येतात, त्याबद्दल काही तक्रार नाही. चिमण्या, मुनिया, होले दाण्यांवर, बुलबुल आणि तांबट फळाच्या फोडीवर, आणि एक दयाळ आहे तो दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही, फक्त अंघोळीला येतो आणि सगळ्यांना हाकलून देतो. सातभाई आले की मग कोणाचंच काही चालत नाही.

कॅमेरा क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे सेन्सर जरा लहान) मिररलेस, लेन्स ७०-३०० एमएम. मी आत खिडकीशी बसते, तिथून फीडर साधारण तीन मीटरवर आहे, म्हणजे पक्षी फ्रेममध्ये चांगला मोठा दिसतो. पण नंतर स्क्रीनवर झूम करून बघावं तर चोच शार्प आणि डोळा मऊ, नाहीतर पंखावरचं पीस न् पीस मोजता येतंय आणि डोळा पुन्हा मऊच. अपर्चर प्रायोरिटीवर (लेन्सचं छिद्र मी ठरवते, शटरचा वेग कॅमेरा) एफ ५.६ ठेवते, आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता ऑटो, शटर जे येईल ते, संध्याकाळी १/१२५ सेकंद वगैरे येतं.

दुसरं म्हणजे मागची भिंत, तिच्यावरचा पाइप आणि कपडे वाळत घालायची दोरी हे तिघं प्रत्येक फोटोत हजर. आणि फीडरचं प्लॅस्टिक तर असतंच.

तिसरं, दयाळाचा फोटो. एकतर तो काळा ठिपका होतो किंवा पोट आणि पंखावरचा पट्टा पांढराफटक, त्यात काही डिटेलच राहत नाही.

आणि कॅमेरा उचलला रे उचलला की सगळे भुर्र, पण तेच मी नुसती चहा पीत बसलेली असले की अगदी खिडकीच्या गजावर येऊन बसतात.

एकजण म्हणाला की १५०-६०० ची मोठी लेन्स घे, सगळं सुटेल, दुसरा म्हणाला फ्लॅश घे. खर्चाला हात घालायच्या आधी इथे विचारतेय. ज्यांनी असं घरच्या घरी शूट केलंय त्यांनी कृपया सांगा, आधी काय बदलू?

– परसबाग

ट्रायपॉडवाला:

लेन्स अजिबात घेऊ नका, निदान या कामासाठी तरी नको. १५०-६०० प्रकारच्या बऱ्याच लेन्सेसचं कमीत कमी फोकस अंतर सव्वादोन ते पावणेतीन मीटरच्या घरात असतं, तुमचा फीडर तीन मीटरवर, म्हणजे पक्षी जरा पुढे सरकला की लेन्स नुसती मागेपुढे हंट करत बसेल. आणि तुमची अडचण रीचची, म्हणजे लांबचं जवळ आणण्याची, नाहीचे मुळात.

अडचण डेप्थची आहे, म्हणजे किती खोलीपर्यंत शार्प दिसतं त्याची. क्रॉप सेन्सर, ३०० एमएम, तीन मीटर आणि एफ ५.६ हे गणित मांडलंत तर शार्प दिसणारा पट्टा जेमतेम दोन सेंटीमीटरचा निघतो. बुलबुलाची चोच ते डोळा यातच त्यातला बराच भाग संपतो. एफ ८ केलंत, म्हणजे छिद्र लहान, तर तो तीन सेंटीमीटरच्या आसपास जाईल, ऐकायला कमी वाटतं पण फोटोत फरक दिसतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे पक्षी तुम्हाला आडवा असताना क्लिक करा, म्हणजे चोच, डोळा, शेपूट सगळं साधारण एकाच अंतरावर येतं. तोंड तुमच्याकडे करून बसला असेल तर डोळ्यावर फोकस ठेवा आणि शेपटीचं जे व्हायचं ते होऊ द्या, कोणी विचारत नाही.

१/१२५ सोडून द्या. बसलेल्या पक्ष्यालाही १/५०० पासून पुढे, आणि मुनियांसारख्या वळवळ्या मंडळींना १/१०००. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अपर्चर पक्के करा, आयएसओ ऑटोवर सोडा. आयएसओ वाढून ग्रेन (फोटोत खरखरीतपणा) आला तर येऊ दे, तो नंतर सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी कमी होतो, हललेला डोळा मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट होत नाही. आणि पक्ष्यांचं डोकं सलग फिरत नाही हे जरा निरखून बघा, झटका, मग क्षणभर एकदम स्थिर, मग परत झटका असं चालतं. म्हणून एकच क्लिक करण्यापेक्षा चार-पाच फ्रेम्सचा छोटा बर्स्ट मारा, त्यातली एखादी त्या स्थिर क्षणात सापडते.

फोकस कंटिन्युअसवर, कॅमेऱ्यात बर्ड आय डिटेक्शन (पक्ष्याचा डोळा आपोआप शोधणारं) असेल तर ते चालू, नसेल तर एकच छोटा फोकस पॉइंट. सगळे पॉइंट चालू ठेवले की कॅमेरा डोळ्याऐवजी फीडरचा दांडा पकडतो.

माळरान:

वरचं सगळं बरोबर पण मी उलट्या बाजूने सांगतो. फीडरचा फोटो काढायचाच नाही. फीडर फक्त बोलावण्यापुरता.

फीडरपासून हात-दीड हातावर एक वाळकी फांदी रोवा, कुंडीत रेती भरून रोवलीत तरी चालतं. बोटाएवढी जाड, सालीवर थोडं शेवाळ किंवा खडबडीतपणा असेल तर उत्तम, आणि बाजूला दुसरं काही बसायला ठेवू नका. पक्षी थेट फीडरवर येत नाही सहसा, आधी जवळ कुठेतरी टेकतो, इकडे तिकडे बघतो, आपला नंबर यायची वाट बघतो. ते टेकणं तुमच्या फांदीवर व्हायला हवं. गर्दी असेल तर अजून बरं, कारण रांगेत थांबावं लागतं. बुलबुलासाठी फळाची फोड फांदीच्या मागच्या बाजूला खोचा, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी.

आता भिंत. भिंत हलवता येत नाही पण फांदी येते. पक्षी आणि भिंत यांच्यात जेवढं अंतर वाढेल तेवढी भिंत विरघळत जाते. पक्षी कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर आणि भिंत त्याच्या मागे चार-पाच मीटर असेल तर पाइप, दोरी सगळ्याचा नुसता रंग उरतो. आणि ट्रायपॉडवाल्यांनी सांगितलेलं एफ ८ केलंत तर बॅकग्राउंड थोडी परत घट्ट होते हेही लक्षात घ्या, म्हणून आधी अंतर सोडवा मग अपर्चरला हात लावा. नुसती खुर्ची अर्धा हात सरकवूनसुद्धा मागे पाइपऐवजी झाडाचा हिरवा भाग येतो कधीकधी. फांदी लावायच्या आधी तिच्या जागी एखादा चेंडू नाहीतर लिंबू बांधून दोन टेस्ट फ्रेम्स काढा, पक्ष्याची वाट न बघता बॅकग्राउंड कळते.

कॅमेऱ्याची उंची पक्ष्याच्या डोळ्याला डोळा. खिडकीतून खाली बघून काढलेल्या फोटोत नेहमी पाठ आणि टाळू येते. दोरी तेवढी काढा हो पण, ती काढता येते!

क्लिकक्लिक:

फ्लॅश लावा, विषय संपला.

माळरान:

@क्लिकक्लिक विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. साध्या सिंकला, म्हणजे फ्लॅश आणि शटरचा मेळ बसायला, शटर १/२०० किंवा १/२५० वर अडकतं, त्यापुढे हाय स्पीड सिंक लागतो आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच खाली येते. वर डोळ्यात तो टोचल्यासारखा पांढरा ठिपका. सकाळचा पहिला दीड-दोन तास ऊन तिरकं आणि मऊ असतं, ते फुकट आहे. ढगाळ दिवस तर दयाळासाठी सगळ्यात चांगला.

परसबाग:

खूप खूप धन्यवाद, फांदीचं डोक्यातच आलं नव्हतं. दोरी काढते, घरात थोडं युद्ध होईल :)

अजून दोन शंका. मी बंद काचेतून काढते, कारण खिडकी उघडली की ते जातात. काचेमुळे किती फरक पडतो? आणि दयाळाच्या एक्स्पोजरचं काय करू?

निळी छत्री:

काचेने फरक पडतो, पण किती ते तुम्ही कशा बसता त्यावर आहे. काच आतून बाहेरून पुसा, खोलीतले दिवे बंद करा, लेन्स काचेला जवळजवळ टेकवा आणि मुख्य म्हणजे काचेला काटकोनात धरा. तिरकं धरलं की डबल कडा दिसतात, विशेषतः टेली लेन्सला, आणि आपल्याला वाटतं फोकस चुकला. रबरी हूड मिळतो तो काचेवर दाबून बसतो, रिफ्लेक्शनचा प्रश्न मिटतो.

पण मी म्हणेन खिडकी उघडीच ठेवा, अगदी आदल्या रात्रीपासून. पक्ष्यांना उघडी खिडकी खटकत नाही, खिडकी उघडण्याची हालचाल खटकते. उघड्या खिडकीला गडद कापड लावा, त्याला लेन्सपुरती फट ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर आधीच फीडरकडे रोखून ठेवा. म्हणजे उचलायचा प्रकारच राहत नाही. चहाच्या वेळी ते जवळ येतात ना, ते त्यामुळेच, तेव्हा तुमच्या हातात अचानक वर येणारं मोठं काळं काही नसतं आणि तुम्ही टक लावून त्यांच्याकडे बघत नसता. दोन दिवस नुसतं कापड लावून सोडून द्या, शूट करू नका. सायलेंट शटर बसलेल्या पक्ष्याला झकास, उडताना मात्र टाळा, बऱ्याच सेन्सरमध्ये पंख वाकडे येतात.

लपण्याची हौस जुनीच आहे म्हणा. इंग्लंडमधले रिचर्ड आणि चेरी केर्टन हे भाऊ, १९०० च्या सुमारास त्यांनी बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसायचे. तुमचं काम पडद्यावर भागतंय.

दयाळासाठी: मागे गडद झाडी असेल तर कॅमेरा फसून सगळं उजळ करतो आणि पांढरं जळतं, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे पाऊण ते एक. मागे आकाश असेल तर उलट, अधिक एक किंवा जास्त, नाहीतर नुसती सावली मिळेल. हायलाइट वॉर्निंग (जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती) चालू ठेवा, पोटावर लुकलुकलं की एक्स्पोजर खाली आणा. जेपेगऐवजी रॉ फाइलमध्ये काढा, काळ्यातलं डिटेल नंतर वर काढता येतं, जळलेलं पांढरं परत येत नाही.

शिंपीण:

फोटोचं सगळ्यांनी सांगितलं, मी जरा वेगळं टोचते, राग मानू नका. फीडर काचेपासून तीन मीटरवर म्हणताय. हे अंतर वाईट आहे. काचेत झाडं दिसतात आणि घाबरलेला पक्षी पूर्ण वेगात येऊन आपटतो. फीडर काचेपासून एक मीटरच्या आत असेल तर त्याला वेग पकडायला जागा मिळत नाही, किंवा मग सरळ दहा मीटरच्या पलीकडे न्यायचा. एक मीटरच्या आत तुमची लेन्स फोकस करेलसं वाटत नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत काचेच्या बाहेरच्या बाजूने जाळी लावणं बरं पडेल, नाहीतर बाहेरून दर पाच सेंटीमीटरवर ठिपके. एखादंच गरुडाचं स्टिकर चिकटवून उपयोग नसतो, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतात. निळी छत्री म्हणतात तशी ती एक खिडकी उघडी ठेवून कापड लावलंत तर तेवढी काच आपोआपच कमी झाली.

आणि फीडर धुता ना? होले येतात म्हणालात म्हणून विचारलं. ट्रायकोमोनोसिस नावाचा घशाचा रोग कबुतर-होल्यांमध्ये जुना आहे आणि दूषित दाण्या-पाण्यातून दुसऱ्या पक्ष्यांना जातो. ब्रिटनमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंचमध्ये त्याची साथ आली आणि त्यांची संख्या धडाधड खाली गेली. आठवड्याला एकदा फीडर रिकामा करून घासायचा, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, मग भरपूर साध्या पाण्याने धुवून पूर्ण वाळू द्यायचा. पाणी रोज बदलायचं. पिसं फुगवून मरगळलेला, गिळताना त्रास होणारा पक्षी दिसला तर फोटो काढत बसू नका, सरळ काही दिवस दाणे बंद करा, म्हणजे ते पांगतात.

शिवाय कोणाचं घरटं सापडलं तर ते या सगळ्यातून वगळा प्लीज.

परसबाग:

राग कसला, उलट बरं झालं सांगितलंत. काचेवर मध्ये मध्ये पुसट ठसे दिसायचे ते धुळीचे वाटायचे, आता कळलं. जाळी बाहेरून आजच लावली.

फांदी रोवली, दोरी गेली. बुलबुल पहिल्यांदा टेकला तो फांदीवर नाही, कुंडीच्या काठावर :( मग कुंडी पाला टाकून झाकली तेव्हा वर बसायला लागला. १/१००० आणि एफ ७.१ वर त्याच्या गालावरचा लाल ठिपका आणि डोळ्यातली चमक दोन्ही एकदम शार्प मिळाले, मागची भिंत नुसती राखाडी, पाइप कुठे होता तेसुद्धा ओळखू येत नाही. आयएसओ ३२०० गेला पण चालतंय मला.

आता शेवटचा प्रश्न, मग त्रास देणं बंद. दयाळाची अंघोळ काढायचीये, थेंब हवेत थांबलेले हवेत. भांडं जमिनीवर आहे.

ट्रायपॉडवाला:

भांडं उचलून स्टुलावर ठेवा, नाहीतर तुम्ही जमिनीवर झोपा, तिसरा मार्ग नाही. पाणी काठोकाठ पण उथळ, अडीच ते पाच सेंटीमीटर, मध्ये एक सपाट दगड, तो पाण्याच्या पातळीला जेमतेम वर येईल असा. शटर १/२००० पासून सुरू करा, म्हणजे उजेड भरपूर हवा, ऊन थोडं मागून-बाजूने येत असेल तर थेंब चमकतात, पण मग दयाळाची काळी बाजू तुमच्याकडे येते तेव्हा कॉम्पेन्सेशन परत बघा. फोकस तो दगडावर टेकला की लगेच पकडून ठेवा, कारण पाणी उडायला लागलं की कॅमेरा थेंबांच्या मागे लागतो. तो आधी चोच बुडवतो, मग छाती, आणि पंख फडफडवायला लागतो तेव्हा बर्स्ट. आधीच मारलात तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरेल आणि खरी गंमत सुरू होईल तेव्हा कॅमेरा गप्प.

निळी छत्री:

आणि वरून एखादी बाटली टांगून थेंब थेंब पाणी भांड्यात पडू द्या. पडणारं पाणी लांबून कळतं त्यांना. दाण्यांना कधीच न येणारे शिंपी, नाचण, चष्मेवाले पण त्यावर येतात, फक्त दयाळाने येऊ दिलं पाहिजे.