रहाट आणि शेजार

काही जण म्हणतात की सहा महिन्यांचं धान्य भरलं, इन्व्हर्टर घेतला की वाईट काळाची तयारी झाली. मला नाही तसं वाटत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यात आमच्या घरी होतो. वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. इन्व्हर्टरने पहिल्याच रात्री मान टाकली, विहिरीवरचा पंप बंद. रहाट आम्ही कधीच काढून टाकलेला. शेजारच्या काकूंनी मात्र आपला जपला होता. सुंभाचा दोर, घासलेली कळशी, सगळं जागच्या जागी. बांधावरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं, तरी पहिली हाक त्यांनीच मारली, "पाणी न्यायला या रे!"

मग आडव्या पडलेल्या पोफळी सगळ्यांनी मिळून उचलल्या. आज तुझी वाडी, उद्या माझी. घाटावर इर्जिक म्हणतात तसंच.

धान्य जरूर भरा. पण आळीत विहीर कुणाकडे आहे, कौलं कोण शाकारतं, एकटं म्हातारं माणूस कुठे राहतं, हे आधी विचारून ठेवा. आम्ही त्याच दिवाळीत रहाट पुन्हा बसवला.