प्रतिसाद: सगळे मला घाबरतात, मैत्री कशी करू?

तुम्ही लिहिलंय की रागीट चेहऱ्यामुळं ऑफिसात कुणी जवळ येत नाही, आणि वर बऱ्याच जणांनी हसत रहा म्हणून सांगितलंय, ते मला नाही पटत. ओढूनताणून हसलं की लोक अजूनच बिचकतात.

मी सोलापूरचा, उंची सहा फूट, आवाज मोठा, कारण लहानपण यंत्रमागाच्या खटखटीत गेलं, तिथं ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकूच जात नाही. कॉलेजात मी आलो की पोरं गप्प व्हायची, लई वाईट वाटायचं.

फरक पडला तो गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी नंदीध्वजाच्या सरावाला जायला लागलो तेव्हा. नंदीध्वज म्हणजे यात्रेच्या मिरवणुकीतली एवढी उंच जड काठी, ती एकानं पेलायची, बाकीच्यांनी तोल सांभाळत सोबत चालायचं, सगळ्यांची नजर काठीवर, त्यामुळं माझ्या तोंडाकडं कुणी बघतच नव्हतं, आणि थोड्या दिवसांनी एक जण आपणहून म्हणाला, चल बे चहाला.

म्हणून सांगतो, समोर जाऊन ओळख काढू नका, शेजारी राहून एखादं काम करा. समोरचा बसलेला असेल तर आपणही बसून बोलायचं, उभं राहून नाही. आणि छोटी मदत मागा, नुसती करू नका.

डबा कुठं खातात सगळे? तिथं शेंगा चटणी घेऊन बसा, पहिले आठ दिवस गप्प राहिलात तरी चालेल.